कार्लाइलचा हंगाम

अमेरिकेच्या पेनसिल्वेनिया राज्यात कार्लाइल नावाचे गाव आहे. तिथल्या एका शाळेचा फुटबॉल संघ १९१२ साली २१ सप्टेंबरपासून २८ नोव्हेंबरपर्यंत चौदा सामने खेळला. बारा जिंकला, एक बरोबरीत सोडवला, एक हरला. त्याने ५०४ गुण केले आणि ११४ दिले. समोरचे संघ शाळांचे नव्हते, कॉलेजे आणि विद्यापीठांचे होते. पिट्सबर्ग, सिराक्यूज, जॉर्जटाउन, ब्राऊन, पेनसिल्वेनिया विद्यापीठ आणि वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी. त्या वर्षी सर्व महाविद्यालयीन संघांत सर्वाधिक गुण करणाऱ्यांत कार्लाइलची गणना होते.

ही शाळा अमेरिकी आदिवासी मुलांची होती. आपल्या जुन्या पुस्तकांत त्यांना 'रेड इंडियन' म्हणत. तो शब्द आता कोणी वापरू नये, मीही वापरणार नाही. हा हंगाम सांगताना बहुतेक लेखक दोन माणसांची गोष्ट सांगतात. एक जिम थॉर्प हा खेळाडू, दुसरे ग्लेन वॉर्नर हे प्रशिक्षक. दोघेही मोठे, यात वाद नाही. पण माझ्या मते १९१२ च्या हंगामाचा निकाल १९१२ मध्ये लागलाच नाही. तो १९१४ च्या फेब्रुवारीत लागला, आणि मैदानावर नव्हे. त्यासाठी आधी शाळा काय होती ते पाहावे लागेल.

कार्लाइलची निवासी शाळा १८७९ साली सुरू झाली. जागा लष्कराच्या रिकाम्या बराकींची. संस्थापक रिचर्ड हेन्री प्रॅट हे घोडदळातले अधिकारी. त्याआधी फ्लोरिडातील एका किल्ल्यात ते आदिवासी युद्धकैद्यांवर देखरेख करत होते. कैद्यांवर केलेला प्रयोग मुलांवर करावा, ही शाळेमागची कल्पना. पहिली तुकडी लाकोटा म्हणजे सू लोकांची. त्यांच्याच मुलांपासून सुरुवात करण्यामागे सरकारचा उघड हिशेब होता. तीनच वर्षांपूर्वी, १८७६ मध्ये, याच लोकांनी लिटल बिगहॉर्नला सेनाधिकारी कस्टर आणि त्याची तुकडी कापून काढली होती. मुले आपल्या ताब्यात असली की बाप गप्प राहतील, असा तो हिशेब. म्हणजे पहिले विद्यार्थी अर्धे ओलीसच होते.

मुले आली की केस कापायचे, कपडे बदलायचे, नाव बदलायचे. फळ्यावर इंग्रजी नावे लिहिलेली असत आणि मुलाने काठीने एकावर बोट ठेवायचे, ते त्याचे नाव. ल्यूथर स्टँडिंग बेअर या पहिल्या तुकडीतल्या मुलाने पुढे मोठेपणी हे लिहून ठेवले आहे. मातृभाषा बोलायला बंदी. माणूस वाचवायचा असेल तर त्याच्यातला इंडियन मारावा लागेल, अशा अर्थाचे प्रॅटसाहेबांचे १८९२ सालचे भाषण आज फार कुप्रसिद्ध आहे. तेव्हा मात्र हा उदारमतवादी विचार समजला जाई, कारण दुसरी बाजू माणसालाच मारा म्हणणारी होती. उन्हाळ्यात मुलांना घरी न पाठवता गोऱ्या शेतकऱ्यांकडे, कुटुंबांकडे कामाला ठेवत. याला 'आउटिंग' असे गोड नाव होते. चाळीसेक वर्षांत दहा हजारांवर मुले या शाळेतून गेली. सगळी जगली नाहीत. क्षय आणि इतर आजारांनी गेलेल्यांच्या कबरी शाळेच्या आवारातच आहेत, १८० हून अधिक.

या विद्यार्थ्यांची कार्डे आणि कागद आज घरबसल्या वाचता येतात. कार्लाइल गावातल्याच डिकिन्सन कॉलेजने ती संगणकावर सर्वांसाठी खुली केली आहेत. चांदीपसारख्या गावी राहून, पदवी-पदव्युत्तर काहीही गाठीशी नसताना मला हा विषय धरता आला तो त्यामुळे. कार्डावर इंग्रजी नाव, टोळी, आई-बाप हयात की नाही, उंची, वजन, छातीचे माप, आल्याची तारीख, गेल्याची तारीख आणि जाण्याचे कारण. आपल्या शाळांच्या जनरल रजिस्टरात 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना असतो, तसेच. आपल्या भागातल्या रजिस्टरांत तिथे बहुधा सततची गैरहजेरी किंवा पालकांचे स्थलांतर असते, म्हणजे वीटभट्टी. कार्लाइलच्या कार्डांवर 'मुदत संपली' असते, 'मृत्यू' असतो, आणि पुन्हा पुन्हा 'पळून गेला'.

आता खेळाकडे. अमेरिकन फुटबॉल हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो, तो हातात घेऊन पळायचे असते आणि समोरच्याने अंगावर येऊन पाडायचे असते. मराठी वाचकाने कबड्डी डोळ्यांपुढे आणावी. चढाई करणारा रेषेकडे परत झेपावतो आणि पाच-सहा जण त्याचे पाय, कंबर धरतात, तो क्षण या खेळात दर मिनिटाला येतो. दहा यार्ड पुढे सरकायला ठरावीक संधी मिळतात, नाहीतर चेंडू दुसऱ्याकडे जातो. १९१२ सालीच या संधी तीनच्या चार झाल्या आणि चेंडू रेषेपार नेण्याला पाचऐवजी सहा गुण मिळू लागले. त्या काळात खेळ भलताच रानटी होता. १९०५ च्या हंगामात १८ खेळाडू मेल्याची मोजदाद एका शिकागोच्या वृत्तपत्राने केली, आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मोठ्या कॉलेजांच्या लोकांना बोलावून हे आवरा असे सांगावे लागले. त्यातूनच पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली.

कार्लाइलमध्ये हा खेळ प्रॅटनी बंदच केला होता. १८९० मध्ये डिकिन्सनशी खेळताना एका मुलाचा पाय मोडला. (हेच ते कागद जपणारे डिकिन्सन.) काही वर्षांनी मुलांचे शिष्टमंडळ त्यांच्याकडे गेले आणि खेळू द्या म्हणाले. प्रॅटनी दोन अटी घातल्या. एक, समोरच्याने काहीही केले तरी ठोसा मारायचा नाही, कारण तुम्ही मारलात की लोक म्हणतील, रानटीच ते. दुसरी, काही वर्षांत देशातल्या सर्वांत मोठ्या संघाला हरवायचे. पहिल्या अटीत आख्खी सत्ताव्यवस्था आहे. गोऱ्या मुलाने ठोसा मारला तर तो एका मुलाचा ठोसा, आदिवासी मुलाने मारला तर तो साऱ्या जमातीचा.

दुसरी अट पुरी होत गेली. १८९९ मध्ये वॉर्नर आले. मधली काही वर्षे वगळता १९१४ पर्यंत तेच प्रशिक्षक. कार्लाइलची मुले अंगाने लहान होती. आडदांड कॉलेजकुमारांशी रेटारेटीत त्यांचा निभाव लागणार नव्हता. म्हणून वेग, हूल आणि डोके. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध त्यांनी चेंडू एका खेळाडूच्या सदऱ्यात पाठीमागे दडवला, आणि हार्वर्डवाले चेंडू शोधत फिरत असताना तो गडी रेषेपार गेला. सामना हार्वर्डने १२–११ असा जिंकला, पण आजही लोकांना आठवतो तो सदरा. चेंडू फेकण्याची मुभा मिळाल्यावर १९०७ मध्ये कार्लाइलने लांब फेकींचा असा वापर केला की पेनसिल्वेनिया, हार्वर्ड, शिकागो असे दिग्गज एकाच हंगामात गारद झाले. आज या खेळात जे सर्रास दिसते त्यातले बरेच या मुलांनी प्रथम करून दाखवले. त्याचे श्रेय वॉर्नरच्या नावावर जमा आहे. डावपेच आखले वॉर्नरनी हे खरे, पण आखलेला डाव कोणाच्या पायांनी आणि बोटांनी खरा झाला हेही लिहायला हवे.

जिम थॉर्प साक-फॉक्स जमातीचा, ओक्लाहोमाचा. कार्लाइलला १९०४ मध्ये आला. त्याआधीच्या शाळांतून तो पळून जात असे. १९११ मध्ये हार्वर्डविरुद्ध दुखऱ्या पायाला पट्ट्या बांधून त्याने लाथेने चार गोल मारले आणि १८–१५ असा सामना काढला. पुढच्याच आठवड्यात संघ सिराक्यूजकडून एका गुणाने हरला, ही त्या वर्षातली एकमेव हार. १९१२ च्या जुलैमध्ये स्टॉकहोम ऑलिम्पिकला त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदके घेतली. न्यूयॉर्कला मिरवणूक निघाली, कार्लाइलला सत्कार झाला, आणि सप्टेंबरात तो पुन्हा शाळेच्या मैदानावर उभा राहिला.

हंगामाचे सुरुवातीचे सामने घराजवळ झाले. ऑलब्राइट ५०–७, लेबनन व्हॅली ४५–०, डिकिन्सन ३४–०, व्हिलानोव्हा ६५–०. मग ५ ऑक्टोबरला वॉशिंग्टन अँड जेफरसन या लहानशा कॉलेजशी ०–० बरोबरी. थॉर्पचे गोलाचे प्रयत्न हुकले. त्यानंतर गाडी सुटली ती थांबेना. गाडी हा शब्द मी दोन्ही अर्थांनी वापरतो. मोठे सामने सगळे परगावी, कारण तिकिटांचा गल्ला तिथे होता. २६ ऑक्टोबरच्या शनिवारी वॉशिंग्टन शहरात जॉर्जटाउनशी खेळले, ३४–२०. सोमवारी कॅनडात टोरांटो विद्यापीठाशी, अर्धा खेळ तिथल्या नियमांनी, ४९–१. त्याच शनिवारी लीहाय कॉलेज, ३४–१४. म्हणजे आठ दिवसांत तीन सामने, मधली रात्र आगगाडीत. शाळेत शिकायला आलेल्या मुलांचे हे वेळापत्रक.

९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट. लष्करी अकादमी म्हणजे कस्टर जिथे शिकला ती. वुंडेड नी येथे लष्कराने शेकडो लाकोटा माणसे, त्यांत बायका-मुले, मारली त्याला त्या डिसेंबरात बावीस वर्षे होणार होती. वॉर्नरनी सामन्याआधी मुलांना काय सांगितले ते प्रसिद्ध आहे. समोरच्यांच्या बापांनी तुमच्या बापांशी लढाया केल्या हे विसरू नका, असा त्याचा आशय. मला ते भाषण तितके आवडत नाही. त्या मुलांना हे कोणी आठवून द्यायला हवे होते का?

पहिले गुण लष्कराचे, ६–०. मध्यंतराला कार्लाइल ७–६ असे एका गुणाने पुढे. त्या दिवशी वॉर्नरनी नवी रचना काढली होती. दोन्ही बाजूंचे धावणारे गडी मागून काढून फळीच्या टोकांशी उभे केले. चेंडू कोणाकडे जाणार हे समोरच्याला कळेना. सगळे थॉर्पवर डोळा ठेवून होते. थॉर्प पळाल्यासारखे करी आणि चेंडू ॲलेक्स अर्कासाकडे असे. अर्कासाने तीनदा रेषा ओलांडली, जो बर्गीने एकदा. क्वार्टरबॅक म्हणजे डाव पुकारणारा होता गस वेल्च, ओजिब्वे जमातीचा. लष्कराचा कर्णधार डेव्होर चिडून जो गायनवर धावून गेला आणि त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले. कार्लाइलच्या पॉवेललाही ठोसा मारल्याबद्दल बाहेर जावे लागले. प्रॅटसाहेबांची पहिली अट तेवढी मोडली. शेवट २७–६.

त्या दिवशी लष्कराकडून ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा कॅडेट खेळत होता. थॉर्पला पाडण्याच्या खटपटीत त्याचा गुडघा दुखावला, पुढच्या आठवड्याच्या सामन्यात तो पार कामातून गेला आणि फुटबॉल संपला. हाच पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. हा योगायोग प्रत्येक पुस्तकात असतो, म्हणून इथेही दिला.

एका आठवड्यात पेनसिल्वेनिया विद्यापीठाने कार्लाइलला ३४–२६ असे हरवले. मग स्प्रिंगफील्ड ३०–२४, आणि शेवटी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ब्राऊनवर ३२–०. हंगाम संपला.

१९११-१२ ही दोन वर्षे आपल्याकडेही अशीच आहेत, म्हणून थोडे विषयांतर. २९ जुलै १९११ ला कलकत्त्यात मोहन बागानने बहुतेक अनवाणी गड्यांच्या जोरावर ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २–१ हरवून आयएफए शील्ड घेतली. त्याच उन्हाळ्यात पाळवणकर बाळू इंग्लंडच्या दौऱ्यावर होते आणि त्यांनी शंभरावर बळी घेतले. बाळूंनी पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची राखण करता करता साहेबांना गोलंदाजी करून हात तयार केला. हिंदू संघात आल्यावर मैदानात चेंडू सगळ्यांचा, पण चहाच्या वेळी त्यांचा मातीचा पेला वेगळा, तंबूबाहेर. पुढे ते मुंबईला बीबीसीआय रेल्वेत नोकरीला आले, म्हणजे आपल्या विरारच्याच लाइनवर. एवढा गोलंदाज, पण संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. खेळ 'सुधारण्यासाठी' शिकवणाऱ्यांनाच त्याच खेळात हरवायचे, हे या तिन्ही ठिकाणी घडले. पण बाळू आणि मोहन बागानची मुले संध्याकाळी आपापल्या घरी जात होती. कार्लाइलची मुले बराकीत परतत होती.

जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका वृत्तपत्राने बातमी दिली की थॉर्प १९०९ आणि १९१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. हौशी खेळाडू नाही, म्हणून ऑलिम्पिकची पदके परत. खरे तर आक्षेप तीस दिवसांत घ्यावा लागे आणि मुदत कधीच उलटून गेली होती. कॉलेजची गोरी मुले उन्हाळ्यात टोपणनावाने खेळत, थॉर्प आपल्याच नावाने खेळला. आपण अडाणी शाळकरी इंडियन मुलगा होतो, काही कळत नव्हते, अशा अर्थाचे पत्र त्याच्या नावाने गेले. वॉर्नर आणि शाळेचे अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांनी आपल्याला ठाऊकच नव्हते असे सांगून हात झटकले. इतकी वर्षे जवळ असलेल्या प्रशिक्षकाला आपला सर्वांत मोठा गडी दोन उन्हाळे कुठे होता हे ठाऊक नसावे, यावर ज्याला विश्वास ठेवायचा त्याने ठेवावा.

थॉर्प गेला. गस वेल्च शाळेतच राहिला, आणि इथून मला तो या गोष्टीचा नायक वाटतो. लष्कराविरुद्ध डाव पुकारणाऱ्या या मुलाने शाळेच्या कारभाराविरुद्ध अर्ज तयार केला आणि दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या सह्या घेतल्या. ज्या देशाने बहुतेक आदिवासींना अजून नागरिकही मानले नव्हते (तो कायदा १९२४ चा), त्या देशाच्या काँग्रेसकडे अल्पवयीन वसतिगृहवासी मुलांनी चौकशी मागितली. १९१४ च्या फेब्रुवारीत काँग्रेसची संयुक्त समिती कार्लाइलला आली. निरीक्षक आधीच येऊन कागद पाहून गेला होता.

साक्षी वाचताना अंगावर काटा येतो. कामाला बाहेर जायला नकार दिला म्हणून एका मुलीला शाळेच्या बँडमास्तरने फळीने मारले होते. जेवण अपुरे होते. आणि फुटबॉलचा सगळा गल्ला 'ॲथलेटिक फंड' नावाच्या वेगळ्या खात्यात जात होता, ज्यावर सरकारचा लगाम नव्हता. त्यातून खेळाडूंना रोख रकमा दिल्या गेल्या होत्या. म्हणजे थॉर्पने बेसबॉलचे काही डॉलर घेतले हे पाप, आणि शाळेने स्वतः वाटलेले पैसे फंड. वेल्चने साक्षीत वॉर्नर शिवीगाळ करतात, मुलांना मारतात असे सांगितले. संघातल्या इतरांनीही तेच सांगितले. तेच सोबती, ज्यांच्या जिवावर वॉर्नर थोर झाले होते.

फ्रीडमन यांना जावे लागले. वॉर्नर पिट्सबर्ग विद्यापीठात गेले आणि आणखी मोठे झाले. आजही अमेरिकेत लहान मुलांच्या फुटबॉल संघटनेला त्यांचे नाव आहे. कार्लाइलचा फुटबॉल उतरला आणि १९१८ मध्ये शाळाच बंद झाली. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी लष्कराला इस्पितळ हवे होते. बराकी लष्कराच्या होत्या, लष्कराकडे गेल्या. वेल्च पहिल्या महायुद्धात अधिकारी होता, पुढे वॉशिंग्टन राज्यात कॉलेजचा फुटबॉल प्रशिक्षक झाला.

हे सगळे वाचताना आपल्या आश्रमशाळा आठवणे अपरिहार्य आहे. पण तुलना जपून करावी. ठक्करबाप्पांसारख्यांनी सुरू केलेल्या कामाचा हेतू प्रॅटचा नव्हता. आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये आणि पुढे कोसबाडला नेमके उलटे केले. मूल घरापासून तोडून शाळेत आणण्याऐवजी शाळा पाड्यावर, अंगणात, गुरे चरतात त्या कुरणापर्यंत नेली. प्रॅटला हे सुचणे शक्य नव्हते, कारण त्याच्या लेखी पाडा हाच रोग होता. तरीही वारली किंवा कातकरी घरातून आलेल्या पोराला पहिल्या दिवशी वर्गात कोणती भाषा ऐकू येते, हा प्रश्न आपल्याकडे सुटलेला नाही. आणि २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूरच्या आश्रमशाळांची मुले एव्हरेस्टवर चढली तेव्हा छायाचित्रांची जेवढी गर्दी झाली, तेवढी त्याच शाळांच्या भोजनगृहात डोकावणाऱ्यांची झाली नाही, असे मला वाटते. कौतुक वर्तमानपत्रात येते, अर्जाची पोच मिळत नाही.

थॉर्प १९५३ मध्ये कफल्लक अवस्थेत वारला. ऑलिम्पिक समितीने १९८२ मध्ये त्याला संयुक्त विजेता मानले, पदकांच्या प्रतिकृती मुलांना दिल्या. एकटा विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागायला २०२२ उजाडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी निवासी शाळांबद्दल जाहीर माफी मागितली आणि डिसेंबरात कार्लाइलची जागा राष्ट्रीय स्मारक ठरवली. त्या आवारात आज लष्कराचे वॉर कॉलेज आहे. २०१७ पासून लष्कर तिथल्या कबरी उकरून मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत पाठवते आहे. नातेवाइकांनी अर्ज करायचा असतो.

थॉर्पचे अवशेष मात्र परत गेलेले नाहीत. त्याच्या विधवेने पेनसिल्वेनियातल्या एका गावाशी करार केला. गावाने स्मारक बांधायचे आणि आपले नाव बदलून जिम थॉर्प ठेवायचे. मुलांनी आणि साक-फॉक्स जमातीने त्याला ओक्लाहोमात नेण्यासाठी दावा लावला. तो वरपर्यंत गेला, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला. कार्लाइलपासून दीड-दोनशे किलोमीटरवर, त्याच राज्यात, तो अजून आहे.